बिल्ड फसलं की पहिली एरर कुठे शोधायची

एखाद्या प्रोग्रॅमचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उतरवून घेतला, त्यातून प्रोग्रॅम बांधायला (बिल्ड करायला) सूचनांतल्या तीन कमांड एकापाठोपाठ दिल्या, दहा मिनिटं पडद्यावर ओळी धावत राहिल्या आणि शेवटी सगळं येऊन थांबलं ते «मेक: *** एरर २» या ओळीवर. नवखा माणूस हीच शेवटची ओळ उचलतो, गूगलवर टाकतो आणि भलत्याच प्रोग्रॅमच्या भलत्याच अडचणी वाचत बसतो. शिकत असताना मीही तेच करत होते. आता नव्या मुलामुलींना शिकवताना सगळ्यात आधी ही सवय मोडायला घेते.

त्या ओळीत कारण नसतंच. «मेक», म्हणजे मेकफाइल या फाइलीत लिहिलेल्या पायऱ्या चालवणारं साधन, एवढंच सांगत असतो की मी एक कमांड चालवली आणि ती अपयशाचा आकडा घेऊन परत आली. आकड्यातून कधीकधी थोडा सुगावा लागतो. १२७ म्हणजे ती कमांड मशीनवर सापडलीच नाही. १२६ म्हणजे सापडली, पण चालवायची परवानगी नव्हती. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, अर्थात कोणीतरी ती प्रक्रिया मधेच मारली, आणि बहुतेक वेळा तो कोणीतरी म्हणजे मेमरी संपल्यामुळे हात उगारणारा कर्नल, ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. १ आणि २ मात्र काहीच सांगत नाहीत. खरं कारण वर असतं, कधी दहा ओळी वर, कधी दोन हजार.

उदाहरणासाठी डेबियन किंवा उबुंटूवर सोर्समधून पायथन बांधणं घेऊ. विद्यार्थ्यांना ते खरोखर लागतं, आणि त्यात फसण्याचे जवळजवळ सगळे प्रकार भेटतात. कमांड, फाइली आणि पॅकेजांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

पहिली पायरी: लॉग हातात घ्या

टर्मिनलचं स्क्रोल मर्यादित असतं आणि पहिली एरर नेमकी त्याच्या पलीकडे गेलेली असते. म्हणून बिल्ड पुन्हा चालवा, पण आउटपुट फाइलीत साठवत:

मेक |& टी बिल्ड.लॉग

पाइपच्या उभ्या रेघेला चिकटलेला अँपरसँड महत्त्वाचा आहे. एरर वेगळ्या वाटेने बाहेर पडतात. तो नसेल तर त्या पडद्यावर दिसतील, पण फाइलीत जाणार नाहीत. ही लिहिण्याची पद्धत बॅश आणि झेड-शेलमध्ये चालते. एक सावधगिरी मात्र घ्या. या ओळीचा निकाल «टी»चा असतो, «मेक»चा नाही. स्क्रिप्टमध्ये वापरत असाल तर आधी «सेट -ओ पाइपफेल» द्या, नाहीतर फसलेलं बिल्ड यशस्वी म्हणून पुढे सरकेल.

तुम्ही «-जे» देऊन चार-आठ कामं एकाच वेळी चालवत असाल तर एका कामाची एरर आल्यावरही बाकीची कामं आपापल्या ओळी छापत राहतात आणि एरर मधेच गाडली जाते. अशा वेळी काहीही साफ न करता फक्त «मेक -जे१» द्या. झालेलं काम «मेक» पुन्हा करत नाही, त्यामुळे तो थोड्याच वेळात नेमक्या फसलेल्या जागी पोचतो आणि एरर पडद्याच्या तळाशी स्वच्छ दिसते. ही एकच युक्ती लक्षात ठेवली तरी निम्मी दमछाक वाचते. आणि «-जे१» दिल्यावर बिल्ड सुरळीत पूर्णच झालं, तर बहुधा त्या प्रकल्पाच्या मेकफाइलमध्ये एखादं अवलंबित्व लिहायचं राहून गेलं आहे: एक फाइल तयार व्हायच्या आधीच दुसरं काम तिच्यावर धावून जातं.

आता लॉग «लेस»मध्ये (टर्मिनलमध्ये फाइल वाचायचं साधन) उघडा आणि «एरर:» शोधा, शेवटच्या कोलनसकट. कोलन सोडलात तर एरर हा शब्द नावातच असलेल्या डझनभर फाइली समोर येतील. वरून खाली शोधा. जी पहिली सापडेल ती वाचा, आणि बाकीच्यांकडे तूर्त दुर्लक्ष करा. एक हेडर, म्हणजे फंक्शन आणि प्रकार यांच्या घोषणांची फाइल, सापडलं नाही की त्यातला प्रत्येक प्रकार अनोळखी ठरतो आणि दोनशे एररचा पूर येतो. त्या दोनशे जागा दुरुस्त करायच्या नसतात. पहिली दुरुस्त करून पुन्हा «मेक» द्यायचं.

मशीनवर मराठी किंवा दुसऱ्या भाषेचं लोकेल असेल तर बिल्डच्या आधी «एलसी_ऑल=सी» लावा. संदेश मूळ इंग्रजीत येतात आणि शोधायला सोपे पडतात.

दुसरी पायरी: गाडी कोणत्या स्टेशनावर थांबली?

बिल्डचे टप्पे ठरलेले असतात. आधी कॉन्फिगर, म्हणजे मशीनवर काय आहे आणि काय नाही याची झडती. मग कम्पाइल, म्हणजे एकेक सोर्स फाइल घेऊन तिची ऑब्जेक्ट फाइल बनवणं. मग लिंक, म्हणजे त्या सगळ्यांची आणि बाहेरच्या लायब्ररींची मोट बांधणं. मग इन्स्टॉल, आणि त्यानंतर प्रत्यक्ष चालवणं. एररच्या ओळीची सुरुवात पाहिली की टप्पा कळतो. «कॉन्फिगर: एरर:» असेल तर झडतीतच अडलं. फाइलीचं नाव, कोलन, ओळ क्रमांक अशी सुरुवात असेल तर कम्पाइलर बोलतो आहे. «एलडी» किंवा «कलेक्ट२» दिसलं तर लिंकर. टप्पा चुकीचा ओळखला तर उपायही चुकीचा होतो. लिंकरच्या तक्रारीवर हेडर शोधत बसलेली मुलं मी नेहमी पाहते.

कॉन्फिगर अडतं तेव्हा

अगदी कोऱ्या मशीनवर पहिली तक्रार असते ती चालण्याजोगा सी कम्पाइलर पाथमध्ये, म्हणजे शेल कमांड शोधतो त्या फोल्डरांत, नाही अशी. त्यावर «सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल» पुरे. जीसीसी, जी-प्लस-प्लस आणि मेक एकत्र येतात.

बाकीच्या तक्रारींसाठी «कॉन्फिग.लॉग» ही फाइल उघडा. पडद्यावर येणारी ओळ हा नुसता निष्कर्ष असतो. त्या निष्कर्षापर्यंत पोचताना कोणता छोटा प्रोग्रॅम कम्पाइल करून पाहिला, कोणत्या कमांडने, आणि कम्पाइलर नेमकं काय म्हणाला, हे सगळं या फाइलीत असतं. तिचा शेवट पाहू नका, तिथे शे-दोनशे ओळी चलांच्या याद्या असतात. पडद्यावर शेवटी जो «चेकिंग फॉर…» आला होता तो शब्दशः शोधा आणि त्याच्या लगेच खालचं वाचा. कधीकधी पडद्यावर «लायब्ररी नाही» असं येतं आणि लॉग सांगतो की लायब्ररी आहे, पण तुम्हीच पर्यायात दिलेला एक फ्लॅग कम्पाइलरला कळला नाही, म्हणून प्रत्येक चाचणी नापास होते आहे.

गिटवरून घेतलेल्या सोर्समध्ये बऱ्याचदा «कॉन्फिगर» ही फाइलच नसते. ती «ऑटोजेन» स्क्रिप्टने किंवा «ऑटोरीकॉन्फ -आय»ने तयार करावी लागते. प्रकाशित टारबॉलमध्ये, म्हणजे सोर्सच्या बांधलेल्या गठ्ठ्यात, ती तयार मिळते, म्हणून नवख्यांनी टारबॉल घ्यावा असं माझं मत. गिटचा आणखी एक सापळा म्हणजे सबमॉड्यूल. प्रकल्पाने दुसऱ्यांचा कोड जोडून घेतलेला असतो आणि साध्या «क्लोन»ने त्या जागी फक्त रिकामी फोल्डरं येतात. सीमेक (कॉन्फिगरचं काम करणारं दुसरं साधन) म्हणतो, या फोल्डरमध्ये सीमेकलिस्ट्स ही माझी सूचनांची फाइल नाही. तेव्हा «गिट सबमॉड्यूल अपडेट --इनिट --रिकर्सिव्ह» द्या.

हेडर सापडत नाही

कम्पाइलच्या टप्प्यावर सगळ्यात जास्त भेटणारी एरर हीच: «फेटल एरर: झेडलिब.एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी». नवखा माणूस गोंधळतो, कारण झेडलिब तर त्याच्या मशीनवर आहेच, अर्धे प्रोग्रॅम तीच वापरतात. इथे डेबियनची रीत समजून घ्यावी लागते. लायब्ररी दोन पॅकेजांत विभागलेली असते. एक प्रोग्रॅम चालवण्यासाठी, दुसरं प्रोग्रॅम बांधण्यासाठी. हेडर दुसऱ्यात असतात आणि त्याच्या नावाच्या शेवटी «-डेव्ह» असतं. फेडोरा आणि तिच्या नात्यातल्या सिस्टिमांवर तेच «-डेव्हेल» होतं. तर झेडलिबसाठी डेबियनवर «झेडलिब१जी-डेव्ह» आणि फेडोरावर «झेडलिब-डेव्हेल».

नाव माहीत नसेल तर अंदाज मारू नका. डेबियनवर «ॲप्ट-फाइल» हे साधन बसवा, एकदा «ॲप्ट-फाइल अपडेट» द्या आणि मग हेडरचं नाव देऊन «ॲप्ट-फाइल सर्च» करा. फेडोरावर «डीएनएफ प्रोव्हाइड्स»ला हेडरचा मार्ग द्या. कोणत्या पॅकेजात ते आहे ते थेट कळतं.

जो प्रोग्रॅम तुमच्या वितरणात (डेबियन, उबुंटू किंवा जे लिनक्स असेल त्यात) आधीच पॅकेज म्हणून आहे, पण तुम्हाला त्याची नवी आवृत्ती हवी आहे, त्याच्यासाठी याहून सोपा रस्ता आहे: «सुडो ॲप्ट बिल्ड-डेप पायथन३.११» (आकडा तुमच्या वितरणातल्या पायथनचा लिहा). वितरणाने स्वतः तो प्रोग्रॅम बांधताना वापरलेली सगळी पॅकेजं एका फटक्यात येतात. त्यासाठी ॲप्टच्या सोर्स यादीत «डेब»सोबत «डेब-एसआरसी»ही चालू असावं लागतं. नसेल तर ॲप्ट तसं सांगतो.

पायथनची पॅकेजं बसवणारं «पिप इन्स्टॉल» करताना «पायथन.एच» सापडत नाही अशी एरर आली तर तीही याच जातीची. पिप त्या वेळी आत सी कोड कम्पाइल करत असतो. उपाय «पायथन३-डेव्ह».

लिंकरची तक्रार

लिंकर दोन वाक्यांत बोलतो, आणि त्यांचे अर्थ वेगळे आहेत.

«कॅनॉट फाइंड -एलझेड» म्हणजे लायब्ररीची फाइलच सापडली नाही. «-एल»च्या पुढे जे येतं त्याला आधी «लिब» आणि शेवटी «.एसओ» किंवा «.ए» जोडून लिंकर फाइल शोधतो. मशीनवर «लिबझेड.एसओ.१» असते, पण लिंकरला हवी असते आकडा नसलेली «लिबझेड.एसओ». हा आकडा नसलेला दुवा डेबियन त्याच «-डेव्ह» पॅकेजात ठेवतं. बरीच मुलं इथे हाताने दुवा बनवून मोकळी होतात. तसं करू नका. उद्या आवृत्ती बदलली की तो दुवा भलतीकडे बोट दाखवेल आणि कारण शोधायला दिवस जाईल. शेजारी «स्किपिंग इनकम्पॅटिबल» असंही दिसलं तर फाइल सापडली आहे, पण ती दुसऱ्या आर्किटेक्चरची आहे, उदाहरणार्थ ६४ बिटांच्या बिल्डमध्ये ३२ बिटांची.

«अनडिफाइन्ड रेफरन्स टू…» म्हणजे फंक्शनची घोषणा मिळाली, कम्पाइल झालं, पण त्याचा प्रत्यक्ष कोड कुठल्याच दिलेल्या फाइलीत नाही. वर्गमूळ काढणारं फंक्शन वापरलं आणि «-एलएम» द्यायला विसरलं की हीच येते. लायब्ररी देऊनही येत असेल तर क्रम पाहा. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो आणि त्या क्षणी ज्याची गरज उभी आहे तेवढंच उचलतो, म्हणून लायब्ररी ऑब्जेक्ट फाइलींच्या नंतर हव्यात. आणि न सापडलेल्या नावांत «एसटीडी::» भरलेलं असेल तर सी-प्लस-प्लसचा कोड «जीसीसी»ने लिंक होतो आहे, तिथे «जी++» वापरा.

मेकफाइल कमांड लपवत असेल तर «मेक व्ही=१» द्या, सीमेकच्या मेकफाइलींना «मेक व्हर्बोज=१» आणि निंजा या मेकसारख्या साधनाला «-व्ही». लपलेली पूर्ण कमांड समोर आल्याशिवाय लिंकरशी वाद घालण्यात अर्थ नाही.

एक खास गोष्ट डेटा सायन्स शिकणाऱ्यांसाठी. टर्मिनलच्या सुरुवातीला कंसात «बेस» दिसत असेल तर कॉन्डा (पायथनची वेगळी वातावरणं सांभाळणारं साधन) चालू आहे, आणि त्याचे स्वतःचे कम्पाइलर, पीकेजी-कॉन्फिग (लायब्ररी कुठे आहे ते सांगणारं साधन) आणि लायब्ररी पाथमध्ये पुढे असू शकतात. हेडर सिस्टिमचं आणि लायब्ररी कॉन्डाची असं लग्न लागलं की विचित्र एरर येतात. «कॉन्डा डिॲक्टिव्हेट» करा, «टाइप -ए पीकेजी-कॉन्फिग» देऊन कोणतं साधन उचललं जातं ते पाहा, आणि कॉन्फिगरपासून पुन्हा सुरू करा.

बिल्ड झालं, पण अर्धवट

पायथनचं उदाहरण मी मुद्दाम यासाठी घेतलं. पायथन बांधताना ओपन-एसएसएल या सुरक्षित जोडणीच्या लायब्ररीचं हेडर नसेल तर बिल्ड थांबत नाही. ते पूर्ण होतं, शेवटी एक यादी छापतं की हे ऐच्छिक मॉड्यूल बांधता आले नाहीत, आणि यशस्वी म्हणून संपतं. यादीत एसएसएल, बीझेड२, एलझेडएमए, एसक्यूलाइट३, रीडलाइन, टीकेइंटर अशी नावं असतात. ही यादी कोणी वाचत नाही. दोन दिवसांनी पिप म्हणतो की एसएसएल मॉड्यूल उपलब्ध नाही, एकही पॅकेज उतरत नाही, आणि माणूस पिपमध्ये किंवा कॉलेजच्या नेटवर्कमध्ये दोष शोधत बसतो.

म्हणून पायथनसाठी आधीच ही पॅकेजं बसवा: लिबएसएसएल-डेव्ह, झेडलिब१जी-डेव्ह, लिबबीझेड२-डेव्ह, लिबएलझेडएमए-डेव्ह, लिबएफएफआय-डेव्ह, लिबरीडलाइन-डेव्ह, लिबएसक्यूलाइट३-डेव्ह आणि टीके-डेव्ह. मागाहून बसवलीत तर «कॉन्फिगर» पुन्हा चालवायलाच हवा. झडती एकदाच होते आणि तिचा निकाल लिहून ठेवलेला असतो. नुसतं «मेक» दिलं तर जुन्याच निकालावर काम चालतं.

आवृत्तीही पाहा. पायथन ३.१० पासून पुढे ओपन-एसएसएल १.१.१ किंवा त्याहून नवं लागतं. सेंटओएस ७ वर मूळचं १.०.२ आहे. अशा जुन्या सर्व्हरवर डेव्हेल पॅकेज असूनही एसएसएल मॉड्यूल बांधलं जात नाही. तिथे नवं ओपन-एसएसएल वेगळ्या जागी बसवून «--विथ-ओपनएसएसएल»ने ती जागा दाखवावी लागते.

आणखी एक: «--एनेबल-ऑप्टिमायझेशन्स» पहिल्या प्रयत्नात देऊ नका. त्यात पायथन एकदा बांधून, चालवून, मोजमाप घेऊन पुन्हा बांधला जातो, आणि वेळ कितीतरी वाढतो. आधी साधं बिल्ड नीट होऊ द्या.

कोड जुना, कम्पाइलर नवा

दहा वर्षं बिनतक्रार बांधला जाणारा प्रोग्रॅम अचानक फसला तर आपण काहीतरी बिघडवलं असं वाटतं. बऱ्याचदा आपला दोष नसतो. नियम कडक झालेले असतात.

जीसीसी १० (२०२०) पासून एकच ग्लोबल चल हेडरमध्ये लिहून अनेक फाइलींत ओढलं तर लिंकर «मल्टिपल डेफिनिशन» म्हणतो. आधी ते खपत असे. तात्पुरता उपाय, सीफ्लॅग्जमध्ये (सी कम्पाइलरला द्यायच्या पर्यायांत) «-एफकॉमन». जीसीसी १४ (२०२४) मध्ये घोषणा न करता फंक्शन वापरणं आणि न जुळणारे पॉइंटर एकमेकांत भरणं या जुन्या इशाऱ्यांच्या थेट एरर झाल्या. «-एफपर्मिसिव्ह» दिलं की त्या पुन्हा इशाऱ्यांवर येतात. जीसीसी १५ (२०२५) न सांगता सी-२३ प्रमाण धरतो. त्यात «बूल», «ट्रू», «फॉल्स» हे राखीव शब्द आहेत आणि रिकाम्या कंसाचा अर्थ «एकही आर्ग्युमेंट नाही» असा होतो. जुना कोड यावर अडला तर «-एसटीडी=जीएनयू१७» देऊन पाहा.

कम्पाइलरबाहेरही हेच चाललं आहे. पायथन ३.१२ (ऑक्टोबर २०२३) मधून «डिस्टयुटिल्स» हे पॅकेज बांधायचं मॉड्यूल काढून टाकलं, त्यामुळे जुन्या बिल्ड स्क्रिप्ट «नो मॉड्यूल नेम्ड डिस्टयुटिल्स» म्हणतात. «सेटअपटूल्स» बसवलं की बऱ्याच पुढे सरकतात. सीमेक ४.० (मार्च २०२५) ने ३.५ पेक्षा जुन्या आवृत्त्यांशी असलेली सुसंगती सोडली. प्रकल्प बदलता येत नसेल तर «सीमेक_पॉलिसी_व्हर्जन_मिनिमम» हे चल ३.५ ठेवून काम निघतं.

हे सगळे फ्लॅग तात्पुरते आहेत. आधी त्या प्रकल्पाची नवी आवृत्ती आली आहे का ते बघा. बहुतेक जिवंत प्रकल्पांनी या दुरुस्त्या केव्हाच केलेल्या असतात.

मशीनच कमी पडतं

«किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसी१प्लस» ही एरर कोडमध्ये शोधू नका. मेमरी संपली आणि कर्नलने कम्पाइलरला बाहेर काढलं. «सुडो डीमेसेज» दिलं की शेवटी «आउट ऑफ मेमरी» दिसेल. ४ जीबीच्या लॅपटॉपवर «-जे८» देऊन मोठा सी-प्लस-प्लस प्रकल्प बांधायला घेतला की हमखास असं होतं, कारण एकेका फाइलीला एक-दोन जीबी लागू शकते. «-जे२» करा, लागलं तर स्वॅप फाइल, म्हणजे डिस्कवरची जादा मेमरी, जोडा.

«नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस» आली आणि «डीएफ -एच» जागा दाखवत असेल तर «डीएफ -आय» पाहा, आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदींच्या जागा, संपलेले असतील. किंवा भरलेली जागा «/टीएमपी» असेल. ती वेगळ्या छोट्या विभाजनावर किंवा रॅममध्ये असू शकते.

पेन ड्राइव्हवर किंवा विंडोजच्या डी ड्राइव्हवर सोर्स ठेवून बिल्ड करू नका. पेन ड्राइव्हच्या फॅट किंवा एक्सफॅट रचनेत युनिक्सच्या परवानग्या आणि सिंबॉलिक दुवे नसतात, म्हणून कधी «कॉन्फिगर»लाच परवानगी नाकारली जाते, तर कधी दुवा बनवताना बिल्ड पडतं. होम फोल्डरमध्ये आणा. तिथेही मार्गात मोकळी जागा नको: «माझे प्रोजेक्ट» अशा दोन शब्दांच्या फोल्डरला मेकफाइल दोन वेगळी नावं समजते. मी एकदा सुट्टीचे दोन दिवस यावर घालवले होते. फोल्डरचं नाव बदललं आणि बिल्ड पाच मिनिटांत झालं.

आता घड्याळ. ही अडचण आपल्याकडे पुष्कळ दिसते. «मेक» कोणती फाइल नव्याने बांधायची हे फाइलींच्या वेळांवरून ठरवतो. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स असतील तर विंडोज मशीनच्या घड्याळात भारतीय वेळ ठेवतं आणि लिनक्स तीच यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजतं. लिनक्स सुरू होताच वेळ साडेपाच तास पुढे जाते. तेवढ्यात तुम्ही सोर्स उलगडला किंवा कोड साठवला, आणि मग नेट जोडलं जाऊन वेळ मागे आली, की त्या फाइली भविष्यकाळातल्या ठरतात. «मेक» म्हणतो «क्लॉक स्क्यू डिटेक्टेड». «कॉन्फिगर» म्हणतो की नुकतीच बनवलेली फाइल मूळ फाइलींपेक्षा जुनी कशी. किंवा «एकलोकल» (कॉन्फिगर तयार करताना लागणारं साधन) सापडत नाही अशी तक्रार येते, जिचा वरवर वेळेशी काही संबंध दिसत नाही. आधी «टाइमडेटसीटीएल» देऊन वेळ बरोबर आहे याची खात्री करा, मग सोर्सचं फोल्डर काढून टारबॉल पुन्हा उलगडा. कायमचा उपाय म्हणजे विंडोजला यूटीसी पाळायला लावणं.

साफ करून पुन्हा

१९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी «मेक» लिहिला. त्यांचा एक सहकारी सकाळभर एक बग शोधत होता. बग आधीच दुरुस्त झालेला होता, पण ती फाइल पुन्हा कम्पाइलच झाली नव्हती. त्या वैतागातून हे साधन जन्मलं. तरी आजही शिळ्या फाइलींचा त्रास संपलेला नाही. पर्याय बदलले, कम्पाइलर बदलला, नवी लायब्ररी बसवली आणि तरी जुनीच एरर येते आहे असं वाटलं तर «मेक डिस्टक्लीन» देऊन कॉन्फिगरपासून सुरू करा. सीमेकमध्ये पूर्ण बिल्ड फोल्डर उडवा, कारण जुने निकाल «सीमेककॅश.टीएक्सटी»मध्ये घर करून बसतात. «गिट क्लीन -एफडीएक्स» सगळं निपटून काढतं, पण तुम्ही अजून गिटमध्ये न जोडलेल्या स्वतःच्या फाइलीही त्यात जातात आणि परत येत नाहीत. आधी «-एन» देऊन काय उडणार आहे ते वाचा.

लिनक्सबाहेर असाल तर एवढं ध्यानात ठेवा: फ्रीबीएसडीवर «मेक» वेगळ्या घराण्याचा आहे, जीएनयूची मेकफाइल असेल तर «जीमेक» द्या. मॅकवरचा मेक ३.८१ आहे, २००६ चा. मॅकओएस अद्ययावत केल्यावर कम्पाइलरच गायब झाल्यासारखा वाटला तर «एक्सकोड-सिलेक्ट --इन्स्टॉल» द्या.

अडलंच तर विचारताना

प्रकल्पाच्या तक्रारींच्या यादीत आधी ती पहिली एरर शोधा, त्यातला तुमच्या फोल्डरचा मार्ग वगळून. कोणी मांडलेली नसेल तर तुम्ही मांडा. वितरण आणि त्याची आवृत्ती, कम्पाइलरची आवृत्ती, सोर्सची आवृत्ती, दिलेल्या कमांड जशाच्या तशा, पहिली एरर तिच्या वरच्या वीसेक ओळींसह, आणि पूर्ण लॉग जोडलेला. पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो पाठवू नका. त्यातला मजकूर कोणाला शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही. आणि व्हॉट्सॲपवरून आलेल्या कमांड थेट चिकटवू नका. तिथे कधीकधी सरळ अवतरणचिन्हांची वळणदार होऊन येतात आणि दोन डॅशांचा एक लांब डॅश होतो. शेल ते वेगळंच काहीतरी समजतो.

शेवटी इन्स्टॉल

«सुडो» फक्त इन्स्टॉलला, तेही गरज असेल तरच. «सुडो मेक» दिलंत की बिल्ड फोल्डरात रूटच्या, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य प्रशासकाच्या, मालकीच्या फाइली पडतात आणि पुढच्या साध्या «मेक»ला परवानगी नाकारली जाते. तसं झालंच असेल तर «सुडो सीएचओन -आर» देऊन मालकी परत घ्या.

पायथनसाठी माझा आग्रह असा की कॉन्फिगर करतानाच «--प्रीफिक्स» देऊन घरातली वेगळी जागा निवडा, समजा होम फोल्डरमधलं «ऑप्ट/पायथन३१३». सुडो लागतच नाही. सगळ्यांसाठी «/यूएसआर/लोकल»मध्येच बसवायचा असेल तर «मेक इन्स्टॉल» नको, «मेक ऑल्टइन्स्टॉल» द्या. साध्या इन्स्टॉलने «पायथन३» हे नाव नव्याकडे वळतं आणि सिस्टिमच्या ज्या स्क्रिप्ट पाथवरून पायथन उचलतात त्या बिघडतात.

«--एनेबल-शेअर्ड» दिलं असेल तर चालवताना «एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज» येऊ शकते. बिल्ड ठीक आहे, फक्त लोडरला नव्या लायब्ररीची जागा माहीत नाही. «/यूएसआर/लोकल/लिब»मध्ये बसवलं असेल तर एकदा «सुडो एलडीकॉन्फिग» द्या. घरातल्या जागेसाठी हा पर्याय न देणंच सोपं. काय सापडत नाही ते «एलडीडी» दाखवतो.

मग नवा पायथन त्याच्या पूर्ण मार्गाने सुरू करा आणि आत एसएसएल, एसक्यूलाइट३ आणि झेडलिब हे तीन मॉड्यूल इम्पोर्ट करून बघा. तिन्ही गुपचूप आत आले तर त्याच पायथनने व्हेन्व्ह, म्हणजे प्रकल्पापुरतं वेगळं वातावरण, बनवून कामाला लागा. पायथनच्या मेकफाइलमध्ये «अनइन्स्टॉल» नाही. वेगळा प्रीफिक्स दिलेला असेल तर पुढे कधी नको झाला तेव्हा तेवढं एक फोल्डर काढून टाकलं की झालं.